अकरा नंबरचा जोड

जपानमधल्या त्या देवळाच्या पायऱ्या चढताना माझ्या हातात एक कापडी पिशवी होती आणि पिशवीत एका माणसाचा वेल्डिंगचा मास्क होता. तो माणूस, म्हणजे ते, माझ्यापुढे दोन पायऱ्या होते. एकोणसत्तर वर्षांचे, डोक्याला लोकरीची टोपी, डोळ्यांवर जाड भिंगं. वर जाऊन ते धातुकाम करणाऱ्यांच्या देवापुढे वाकणार होते आणि माफी मागणार होते. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या हातून बिघडलेल्या एका जोडाची.

तो जोड त्यांनी केलेलाच नव्हता. हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. पायऱ्या संपायच्या आत मला ते सांगायचं होतं.

आता सगळंच सांगतो. मी मुळात फार बोलणारा माणूस नाही. बायको म्हणते, याच्या तोंडून शब्द काढायला पाना लागतो. त्या स्वभावाच्या आड मी आठ वर्षं आरामात लपलो.

भोसरीत नऊ वर्षं काढून मी न्यूझीलंडला, हॅमिल्टन शहरात आलो. तिथल्या 'ते रापा' नावाच्या भागात, दुधाच्या मोठ्या कारखान्यापासून गाडीने पाच मिनिटांवर, एक वर्कशॉप होतं. स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बनवायचं. दूध, दही, चीज असल्या कामांच्या टाक्या. मी तिथे वेल्डिंग तपासायला होतो. टाकीच्या आत शिरायचं, टॉर्च मारायची, जिथे डोकं जात नाही तिथे लांब काठीला लावलेला छोटा आरसा घालायचा आणि प्रत्येक जोड बघायचा. धातू मुळापर्यंत वितळून एक झालाय का, की नुसताच वरून छान दिसतोय?

प्रत्येक वेल्डरला एक नंबर असायचा. जोड मारला की त्याने शेजारी मार्करने आपला नंबर लिहायचा. मी तो वाचून माझ्याकडच्या, टाकीच्या जोडांच्या नकाशावर उतरवायचा. मग टाकी पॉलिशला जायची आणि मार्कर पुसला जायचा. त्यानंतर कुठला जोड कोणाचा, हे सांगणारा जगात एकच कागद उरायचा. माझा.

अकरा नंबर त्यांचा, पायऱ्या चढणाऱ्या त्या जपानी वेल्डरचा होता. न्यूझीलंडमध्ये कोणी कोणाला सर म्हणत नाही, मॅनेजरलाही नावाने हाक मारतात. पण भोसरीची सवय. मी त्यांना सर म्हणायचो. त्यांना ते विनोदी वाटायचं. ते मला इन्स्पेक्टर म्हणायचे.

"या इन्स्पेक्टर. आज काय चूक शोधणार?"

"सर, तुमच्यात काही सापडत नाही, हाच प्रॉब्लेम आहे. मॅनेजरला वाटतं मी झोपतो."

"मग एक मुद्दाम करून ठेवू का? तुमची नोकरी टिकेल."

आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, त्यांचं मोजून-मापून आणि माझं भोसरी छापाचं. त्यांच्या जागेच्या वर, भिंतीवर एक फळी होती आणि फळीवर लाकडाचं वीतभर देवघर. आत मूर्ती नाही, फोटो नाही. रोज सकाळी ते तिथल्या छोट्या वाटीतलं पाणी बदलायचे, दोनदा वाकायचे, दोन टाळ्या वाजवायचे, पुन्हा एकदा वाकायचे आणि मग मास्क उचलायचे. एकदा मी विचारलं, हा कोण देव? म्हणाले, धातूचं काम करणाऱ्यांचा. आमच्या गावाजवळ डोंगराच्या पायथ्याला त्याचं फार जुनं देऊळ आहे. लोहार, तलवारी करणारे, सगळे तिथे जायचे. वडील मला घेऊन गेले होते, पहिल्यांदा हत्यार हातात दिलं तेव्हा.

मला ते लगेच कळलं. आमच्याकडे खंडेनवमीला हेच. भोसरीच्या वर्कशॉपात त्या दिवशी मशिनी पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून बंद ठेवायचे. पाना, गेज, हातोडी सगळं पाटावर मांडायचं. पेढा खायचा आणि घरी जायचं. पुजलेलं हत्यार त्या दिवशी कामाला लावायचं नाही, दसऱ्याला उचलायचं.

हॅमिल्टनला ही पूजा आम्ही घरी करायचो. बायको हॉस्पिटलात नर्स आहे. पाटावर तिचा स्टेथोस्कोप, माझी टॉर्च, माझा काठीचा आरसा, माझं गेज, लेकीचा कंपासबॉक्स. ज्या वर्षीचा तो जोड, त्या वर्षी नवमी कामाच्या दिवशी आली. पूजा सकाळीच उरकली. बायकोने पाटावरून स्टेथोस्कोप उचलला, डोळ्यांना लावला आणि पर्समध्ये टाकला.

"अगं, आज उचलायचं नसतं."

"मग पेशंटला काय सांगू? आज नवमी आहे, उद्या आजारी पडा?"

ती ड्युटीवर गेली. मी माझी टॉर्च आणि आरसा पाटावरच ठेवून कामावर गेलो.

लोकांना सांगताना मी हे श्रद्धेचं म्हणून सांगू शकलो असतो. श्रद्धा नव्हती ती. वर्कशॉपात दुसरी टॉर्च होती, आरसाही मागितला असता तर मिळाला असता. पण मला मनातून सुट्टी हवी होती आणि देवाने ती दिल्यासारखी वाटत होती. त्या दिवशी एका छोट्या चीजवाल्यांची टाकी पॉलिशला जायची होती. मी तिच्या आत शिरलो नाही. टेबलावर बसून नकाशा भरला. खालच्या नळ्यांचे सगळे जोड अकरा नंबर, कारण खालच्या नळ्या नेहमी तेच करायचे. सगळ्यांपुढे 'तपासले, ठीक'. खाली सही. चहा व्हायच्या आत काम झालं.

संध्याकाळी हात धुताना दुसरा एक वेल्डर शेजारी आला. घाईचा, गडबड्या माणूस, पर्थला जायच्या तयारीत असलेला.

"मेट, त्या टाकीच्या खालच्या नळीचा बेंड, तो वळणावरचा जोड, मी मारलाय, ओके? म्हातारा दोनला डेंटिस्टकडे गेला ना. नंबर टाकायला विसरलो बहुतेक."

मी म्हणालो, "स्वीट अ‍ॅज."

म्हणजे इथल्या बोलीत, चालेल, काही हरकत नाही. एवढंच म्हणालो. टाकी तोपर्यंत पॉलिशला गेली होती. कागद बदलायचा तर मी आत गेलोच नव्हतो हे सांगावं लागलं असतं. इथे कायम राहण्यासाठीचा माझा रेसिडन्सीचा अर्ज तेव्हा सरकारकडे पडून होता आणि व्हिसा त्याच वर्कशॉपच्या नावावर. पाण्याच्या चाचणीत टाकी पास झाली, आणि मी तो विषय डोक्यातून काढला.

तीन महिन्यांनी तो बेंड फुटला. रोज गरम पाण्याने धुवायचं, मग थंड करायचं, असं होत होत चिरला. कोणाला लागलं नाही. पण सबंध टाकीभर दूध वाया गेलं आणि चीजवाले चिडून आले. जोड कापून बघितला तर वरून सुंदर, आतून अर्धाच शिरलेला. काठीचा आरसा घातला असता तर मला तो अर्ध्या मिनिटात दिसला असता.

मॅनेजरने मीटिंग घेतली. तोवर तो गडबड्या पर्थला पोचला होता. टेबलावर माझा नकाशा ठेवला होता.

"हा अकरा नंबर तुझाच ना?"

सरांनी चष्मा लावला. कागद जवळ घेतला, लांब धरला. मग म्हणाले, "हा जोड मला आठवत नाही. पण इन्स्पेक्टरने लिहिलंय म्हणजे माझाच असणार."

आणि माझ्याकडे बघून ते खुर्चीतल्या खुर्चीत वाकले. मला त्रास दिल्याबद्दल.

मॅनेजर माझ्याकडे वळला. तू आतून पाहिलं होतंस? मी म्हणालो, पाहिलं होतं, अगदी बारीक असेल, सुटलं असेल. मला तोंडी समज मिळाली. त्यांना तर काहीच झालं नाही, मॅनेजर म्हणालाही, चालायचंच, सगळ्यांच्या हातून होतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी फळीवरचं देवघर उतरवलं, एका पांढऱ्या कापडात बांधलं आणि सांगितलं, मी थांबतो. हाताला जे कळलं नाही ते डोळ्यांना दिसायला हवं होतं, डोळ्यांनाही दिसलं नाही. असल्या माणसाने दुधाच्या टाकीला हात लावू नये.

बासष्ट वर्षांचेही झाले नव्हते ते. आणि त्यांचे डोळे तेव्हा ठणठणीत होते.

ते टौरंगाला मुलीकडे राहायला गेले. मी दीड-दोन महिन्यांनी त्यांना भेटायला जायचो. डोंगर ओलांडून दीड तासाचा रस्ता. दर खेपेला गाडीत ठरवायचो की आज सांगायचं. दर खेपेला चिवड्याचा डबा देऊन, चहा पिऊन, त्यांच्या संत्र्यांच्या झाडाचं कौतुक करून परत यायचो. त्यांना वाटायचं, काय माणूस आहे, अजून विसरला नाही. मुलगी मला दारात म्हणायची, तुम्ही आलात की बाबा दोन दिवस बोलतात. मी मान हलवायचो.

एकदा माझ्या लेकीच्या सायकलचं स्टँड तुटलं. गॅरेजमध्ये त्यांचं सगळं सामान झाकून ठेवलेलं होतं. मी म्हटलं, "सर, दोन मिनिटांचं काम आहे."

"मी आता जोडत नाही, इन्स्पेक्टर."

"सायकलचं स्टँड आहे हो. त्यातून दूध जाणार नाही."

ते हसले नाहीत. आत जाऊन मला एका ओळखीच्या गॅरेजवाल्याचा पत्ता लिहून दिला.

मागच्या वर्षी त्यांच्या मुलीचा फोन आला. बाबांना त्या देवळाला जायचंय. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे लोहारांचा उत्सव असतो. त्यांचे डोळे आता खरंच अधू झालेत, एकट्याला कसं पाठवू? मला सुट्टी नाही. तुम्ही जाल का त्यांच्याबरोबर?

बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती.

"जा की. टौरंगाला एवढ्या वाऱ्या करतोस, एकदा जपानला जा." मग सुरी थांबवून म्हणाली, "एक विचारू? तुझं त्यांच्यापाशी काय अडकलंय रे?"

"काही नाही."

"बरं. येशील तेव्हा सांग."

नागोयाहून दोन गाड्या बदलून आम्ही निघालो. ते खिडकीशी बसले होते. मांडीवर ती कापडी पिशवी. मला वाटलं होतं ते दर्शनाला चाललेत. दुसऱ्या गाडीत त्यांनी पिशवीतून मास्क काढून दाखवला. काळा, कडेला जळलेला, कपाळपट्टी चिकटपट्टीने बांधलेली. चाळीस वर्षांचा.

"हा आज देवळात द्यायचा. काम थांबवलं की हत्यार परत करायचं, वडील म्हणायचे. मला आठ वर्षं धीर झाला नाही."

"का, सर?"

"नुसतं देता येत नाही. आधी सांगावं लागतं, का थांबलो ते." खिशातून त्यांनी घडी घातलेला कागद काढला. ब्रशने लिहिलेला, उभ्या ओळींत. "मी लिहून आणलंय. माझ्या हातून एक खोटा जोड झाला. माझा नंबर अकरा. लोकांच्या दुधाचा विषय होता. क्षमा कर."

गाडीत आमच्यासमोर एक आजीबाई डुलक्या घेत होत्या. तेव्हा सांगता आलं असतं. मी घसा खाकरला. त्यांनी लगेच पाण्याची बाटली पुढे केली. मी पाणी प्यालो. पुढचं स्टेशन आलं, मग त्याच्या पुढचं. प्रत्येक स्टेशन गेलं की मी मनात म्हणायचो, अजून दोन आहेत. अजून एक आहे. मग आम्ही उतरलो.

देऊळ शेंदरी रंगाचं होतं. आपल्या मारुतीला असतो तोच रंग, पण खांब, छज्जे, दारं, सगळ्याला. मागे डोंगराची गर्द झाडी. अंगणात दोरी बांधून जागा मोकळी केली होती आणि तिथे लोहार भट्टी पेटवत होते, पांढरे कपडे, उंच काळ्या टोप्या. लोकांना संत्री वाटत होते. आमच्याही हातात एकेक आलं. मी ते खिशात टाकलं. आमच्या नवमीच्या पेढ्याची आठवण झाली.

पायऱ्यांच्या आधी दगडी हौद होता, त्यावर लांब दांड्याचे लाकडी डवले. त्यांनी मला दाखवलं: आधी डावा हात, मग उजवा, मग ओंजळीत घेऊन चूळ.

"तोंडही?" मी विचारलं.

"तोंड तर हवंच. आत बोलायचं असतं ना."

मी चूळ भरली. इतकं थंड पाणी होतं की दात वाजले. त्यांना वाटलं मला थंडी वाजतेय. स्वतःचा मफलर काढून त्यांनी माझ्या गळ्यात घातला. म्हणाले, "पिशवी तुम्ही धरा, मला कठड्याला धरायला हात लागेल."

अशी ती पिशवी माझ्या हातात आली.

पायऱ्या मोजल्या नाहीत. पण प्रत्येक पायरीला वाक्य तयार होतं. सर, एक मिनिट थांबा. सर, तो कागद वाचू नका. पाठीमागून माणसं येत होती, पुढे त्यांची पाठ होती, एका हाताने कठडा चाचपत जाणारी. मी स्वतःला म्हणत होतो, वर गेल्यावर बाजूला घेऊन सांगू. वर गेल्यावर ते थांबले नाहीत. सरळ समोर गेले, नाणं टाकलं, दोनदा वाकले, दोन टाळ्या. रोज सकाळी वर्कशॉपात वाजायच्या त्याच टाळ्या. मग कागद उघडून भिंगांच्या अगदी जवळ धरला आणि हळू आवाजात वाचायला लागले.

मला जपानी येत नाही. पण त्यांनी मला एकेकाळी वीसपर्यंत आकडे शिकवले होते. मधेच 'जुइची' ऐकू आलं. अकरा.

मी तिथे उभा होतो. चार पावलांवर. हातात त्यांचा मास्क. आणि मी त्यांना वाचून संपवू दिलं.

ते वळले तेव्हा चेहरा हलका झालेला होता. गेल्या आठ वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता. क्षणभर, खरं सांगतो, माझ्या मनात आलं की आता कशाला? यांचं ओझं उतरलं. आता सांगून पुन्हा कशाला चढवायचं? इतका दयाळू विचार मला आठ वर्षांत सुचला नव्हता, आणि नेमका तो मला वाचवणारा होता.

"चला, आता मास्क देऊ." त्यांनी बाजूच्या कार्यालयाकडे बोट केलं. पांढऱ्या झग्यातला पुजारी खिडकीशी बसला होता. ते पिशवीसाठी हात पुढे करून उभे राहिले.

मी पिशवी सोडली नाही.

"सर, तो जोड तुमचा नव्हता."

त्याच क्षणी खाली लोहारांनी लालबुंद लोखंडावर घण मारायला सुरुवात केली. तिघे जण, एकापाठोपाठ एक.

"काय?" त्यांनी कानाला हात लावला.

मी पुन्हा म्हणालो. पुन्हा घण.

"इन्स्पेक्टर, मोठ्याने!"

आयुष्यात मी कधी ओरडलो नसेन तेवढ्या मोठ्याने ओरडलो. "तो जोड तुमचा नव्हता! मी खोटं लिहिलं!"

रांगेतले लोक वळून बघायला लागले. पुजारीही. त्यांना अर्थ कळला नसेल, पण देवळात ओरडणारा माणूस सगळ्यांनाच कळतो. सरांनी माझं कोपर धरलं आणि मला बाजूच्या झाडाखाली नेलं. मला वाटलं बसतील. बसले नाहीत. मी वर्कशॉपात विचारायचो तसे एकेक प्रश्न विचारत गेले.

"कोणाचा होता?"

मी सांगितलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी."

"टाकीत गेला नव्हता?"

"नाही."

"मीटिंगमध्ये माहीत होतं?"

"हो."

"मी तुमच्याकडे बघितलं तेव्हा?"

"हो, सर."

घण थांबले होते. कोणीतरी टाळ्या वाजवत होतं.

"टॉर्च कुठे होती? आरसा?"

"घरी. देवापुढे ठेवला होता. आमच्यात त्या दिवशी हत्यार वापरत नाहीत."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग मान वळवून देवळाकडे. "देवापुढे," ते म्हणाले. मला वाटतं ते हसणार होते. ओठ तसे झालेही. पण हसू बाहेर आलं नाही.

"मग मी आत्ता तिथे काय करून आलो? त्याच्यासमोर खोटं बोलून आलो. हत्यार हातात घेतल्यापासून मी तिथे कधी खोटं बोललो नव्हतो."

"माझी चूक आहे, सर."

"मला कशाला सांगता? चला."

त्यांनी मला पुन्हा समोर नेलं. रांगेत उभं केलं. आमची पाळी आली तेव्हा ते आधी स्वतः वाकले, तो ब्रशने लिहिलेला कागद काढला आणि त्याचे चार तुकडे करून खिशात घातले. मग बाजूला झाले.

"आता तुम्ही. तुमच्या भाषेत सांगा. वेल्डिंग समजतं त्याला, तेवढी भाषाही समजेल."

मी मराठीत सांगितलं. मागे माणसं खोळंबली होती. नवमीची पूजा, टेबलावर भरलेला नकाशा, हात धुताना म्हटलेले ते दोन शब्द, आठ वर्षांचे चिवड्याचे डबे. मराठीत कोणालाच हे मी कधी सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. संपल्यावर टाळ्या वाजवायच्या की नाही हे आठवेना. मी नुसता हात जोडून उभा राहिलो, आपण राहतो तसा.

मास्क त्यांनी दिला नाही. माझ्या हातातून पिशवी घेतली आणि खांद्याला अडकवली. परतीच्या गाडीत ते माझ्या शेजारी बसले नाहीत, मागे दोन रांगा सोडून बसले. विमानात सीट शेजारी होत्या, तिथे त्यांनी डोळे मिटून घेतले. पायऱ्या आल्या की मात्र न बोलता माझ्या दंडाला धरायचे. ऑकलंडला मुलगी घ्यायला आली होती. गाडीत बसण्यापूर्वी ते पहिल्यांदा बोलले.

"कागद दुरुस्त करा."

घरी आलो. बायकोने चहा टाकला आणि म्हणाली, बोल. मी बोललो. "माझ्या हातात स्टेथोस्कोप होता रे त्या दिवशी," ती म्हणाली. "तुझ्यासमोर उचलला होता मी." मग कप उचलून धुवायला गेली.

'ते रापा'चं वर्कशॉप मी चार वर्षांपूर्वीच सोडलं होतं. मॅनेजर नवा होता, तरुण, माओरी. 'किया ओरा', म्हणजे नमस्कार, म्हणून हात मिळवला, मी का आलोय ते ऐकलं आणि गोंधळला. "ब्रो, ती टाकी आता भंगारात गेली असेल. आठ वर्षं झाली. तुला काय हवंय नेमकं?"

"कागद."

फायली मागच्या कंटेनरमध्ये होत्या. शोधायला दुपार गेली. नकाशावर माझं तेव्हाचं नीटनेटकं अक्षर होतं. आमच्या कामात खाडाखोड चालत नाही. चुकीवर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. वर खरं लिहायचं. शेजारी सही आणि आजची तारीख. मी अकरावर रेघ मारली, पर्थला गेलेल्याचा नंबर लिहिला. 'तपासले, ठीक' वर रेघ मारली आणि लिहिलं, 'तपासले नाही'. मॅनेजर शेजारी उभा होता. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता कॉपी काढून दिली. मूळ कागद त्याने आपल्या बॉसकडे पाठवला. माझ्या आताच्या कंपनीलाही मी स्वतःच कळवलं. त्याचं काय व्हायचं ते अजून चाललंय.

कॉपी टौरंगाला पोस्टाने पाठवली. उत्तर आलं नाही. दोन महिने गेले. मग मुलीचा मेसेज आला: बाबा विचारतात, येणार का. आणि टॉर्च, आरसा घेऊन या म्हणतात.

गेलो. चिवडा नेला नाही. ते गॅरेजमध्ये होते. सामानावरचं कापड निघालं होतं, भिंतीवर फळी ठोकलेली, फळीवर ते वीतभर देवघर. मास्क टेबलावर, कपाळपट्टीला नवी चिकटपट्टी. चहा विचारला नाही. बसा म्हणाले नाहीत. एक नळी माझ्यापुढे ठेवली, दोन तुकडे जोडून केलेला बेंड, त्या टाकीला होता तसाच. जोडाच्या शेजारी मार्करने नंबर लिहिलेला. अकरा.

"तपासा."

बाहेरून जोड देखणा होता. एकसारख्या खवल्यांचा, त्यांच्या हातचा. मी टॉर्च लावली, काठी आत सरकवली, आरसा फिरवला. वरची बाजू पक्की. कडेची पक्की. खालच्या बाजूला, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, दोन कडा वेगवेगळ्या दिसत होत्या. धातू मुळापर्यंत गेलाच नव्हता.

मी पुन्हा बघितलं. टॉर्च दुसऱ्या बाजूने धरली. ते समोर उभे होते, जाड भिंगांमागचे डोळे माझ्या चेहऱ्यावर. आठ वर्षांपूर्वी हे डोळे ठीक होते. हा जोड तेव्हा त्यांच्या हातून असा झाला नसता. आणि तेव्हापासूनची सगळी वर्षं ते गॅरेजमध्ये कापडाखाली झाकून बसले होते, माझ्या सहीमुळे.

"ठीक आहे" हे दोन शब्द माझ्या जिभेवर आले होते. ते मी गिळले.

"सर, इथे खाली शिरलेलं नाही," मी म्हणालो. "इंचभर."

त्यांनी श्वास सोडला.

"हो," ते म्हणाले. "हाताला कळलं होतं." मग ड्रॉवरमधून एक कोरा कागद काढून त्यांनी माझ्यापुढे सरकवला. वर पेन ठेवलं.

"लिहा, इन्स्पेक्टर."

मी लिहिलं. अकरा नंबर. तपासले. ठीक नाही. खाली सही केली. त्यांनी तो कागद भिंगांजवळ नेऊन सबंध वाचला, देवघराच्या फळीवर ठेवला आणि जोड पुन्हा मारायला नळी कापायला घेतली.